अधांतरी बाहुली

"थांबली! थांबली बघा!" कुंडाभोवती एकच गलका झाला. म्हाताऱ्यांनी हात जोडले, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि परत चढवला. चमत्कार काचेवर चिकटला असावा, अशी त्यांना शंका आली असणार.

कुंडाच्या स्वच्छ पाण्यात एक मेणाची बाहुली बुडता बुडता मध्येच अडली होती. ना ती तळाला जात होती, ना वर येत होती.

"हा रोग्याचा देह!" कुंडबाबा पायरीवरून गरजले. "बुडायलाच निघाला होता. मी खालून हात दिला. मरण अर्ध्या वाटेत अडवलं! आता ते औषधांचं विष द्या या कुंडात फेकून!"

बाबांचे दोन्ही हात कोरडे ठणठणीत होते, हे गर्दीत एकट्या धाकटीच्या लक्षात आलं. ती शाळेत विज्ञान शिकवत असे आणि ताई-दाजींबरोबर हे जुनं बंदर बघायला आली होती. कधीकाळी इथे लांबलांबची जहाजं लागत, आणि जो खलाशी उतरला त्याने आपापल्या देवाला एक घर बांधलं. धक्क्यापासून वर जाणाऱ्या अरुंद गल्लीत अशी कितीतरी पुरातन देवस्थानं होती. त्यांच्या खांबांवरचं कोरीवकाम बघत राहावं असं होतं, पण त्याकडे ढुंकूनही न बघता माणसं या एका कुंडाकडे धावत होती. कुंडाच्या मागची भिंत थेट समुद्रात उभी होती. भिंतीवर पाटी होती: "कुंडात भांडे बुडवू नये. पाणी ढवळू नये. देवाला त्रास होतो."

"उद्या आपला नंबर लागलाय," दाजी हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता.

ताईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली होती. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज एक गोळी घ्यावी लागे, आणि ती कधीही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती गोळी कुंडात फेकायची म्हणजे ताईचा जीवच फेकायचा.

"ताई, डॉक्टरांनी तुला चित्र काढून समजावलं होतं ना?"

"समजावलं होतं गं. पण गोळ्या त्यांना गिळाव्या लागतात का? जरा कुठे आपटलं की हात काळानिळा. सारख्या रक्ताच्या तपासण्या. कंटाळले मी. खरंच कंटाळले."

"आणि आपण डोळ्यांनी बघितलं," दाजी म्हणाले. "तुझ्या पुस्तकात नाही म्हणून काय ते घडलंच नाही?"

"घडलं. पण कसं घडलं, ते बघायला नको?"

"देवाच्या दारात कसं विचारत नाहीत."

धाकटीचं डोकं मात्र थांबेना. बाहुली अडली तिथलं पाणी थरथरलेलं तिने पाहिलं होतं. ग्लासात साखर विरघळताना पाण्यात अशाच तारा दिसतात. म्हणजे तिथे पाण्याला पाणी भेटत होतं. आणि ढवळल्याचा त्रास देवाला होत होता की आणखी कुणाला?

संध्याकाळी तिने लॉजच्या मॅनेजरकडे दोन बादल्या मागितल्या. एक नळाखाली भरली, दुसरी धक्क्यावरून आणली.

"बाई, समुद्राचं पाणी कशाला?"

"अंघोळीला," ती म्हणाली. मॅनेजरने पुढे विचारलं नाही. या गावात लोक याहून वेडगळ गोष्टी करायला येत होते.

ताईच्या गोळ्या तिने आपल्या पर्समध्ये काढून ठेवल्या. त्यांच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आणि खडे घातले. मग वाळू चिमटीचिमटीने कमीजास्त करत राहिली. शेवटी बाटली नळाच्या बादलीत बुडली आणि समुद्राच्या बादलीत तरंगली. झाकण चिकटपट्टीने पक्कं करून तिने ती ताईच्या पिशवीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी ताईच्या नावाची बाहुली सोडली. ती खाली गेली आणि अडली. गलका झाला.

"आता विष फेक, माई! तुझ्या हातानेच फेक!"

ताईने बाटली हातात घेतली. "आज जड का लागतेय?"

"पाप असतं त्यात," बाबा म्हणाले.

ताईने डोळे मिटून बाटली टाकली. ती बुडाली, खाली गेली आणि थेट बाहुलीशेजारी जाऊन अधांतरी उभी राहिली.

मागून कुणीतरी विचारलं, "बाबा, विषालाही हात दिला काय?"

एकजण फिसकन हसला. बाबांचा चेहरा पडला, पण जीभ पडली नाही. "हे... औषधातलं भूत आहे! जायला तयार नाही!"

ताई मात्र पाण्याकडे एकटक बघत होती. "बाबा, माझं मरण अडलं तेही तिथेच, औषध अडलं तेही तिथेच. मग मी बरी कशी झाले?"

बाबांनी बाहुल्यांची टोपली जवळ ओढली. तेवढ्यात धाकटीने पिशवीतून दोरी बांधलेली वजनदार बाटली काढली. तिच्या बुचालाही वेगळी दोरी होती.

"भांडं बुडवायचं नाही!" बाबा धावले. त्यांचा दंड धरला तो दाजींनीच. "थांबा. बघू द्या तिला."

धाकटीने आधी वरचं पाणी काढलं. दाजींनी चाखलं. गोड होतं. मग बाटली तळाशी सोडून तिने बूच ओढलं. हे पाणी दाजींनी तोंडात घेतलं आणि थूऽ करून थुंकले.

"अहो, हा तर समुद्र आहे!"

"भिंतीखालून झिरपतो," धाकटी म्हणाली. "वरून गोड्या पाण्याचा झरा येतो. खारं पाणी जड म्हणून खाली, गोडं हलकं म्हणून वर. गोड्यात बुडेल पण खाऱ्यात तरंगेल, अशी कुठलीही वस्तू मध्येच अडते. ढवळलं की दोन्ही मिसळतात आणि दुकान बंद! म्हणून ती पाटी."

बाबांच्या टोपलीतल्या दोन बाहुल्या तिने फोडल्या. दोघींच्याही पोटातून शिशाचे छर्रे निघाले, एकीत थोडे, दुसरीत मूठभर. ज्याला पैशांसाठी पुन्हा बोलवायचं, त्याची बाहुली जड करून तळाला! मरण अडवणाऱ्या या महापुरुषाची सगळी तपश्चर्या त्या छर्ऱ्यांत मावत होती. लोक छर्रे बघत असताना बाबा बाजूच्या बोळातून पसार झाले. मरणाला अडवणारे ते, लोकांच्या प्रश्नांपुढे मात्र उभे राहू शकले नाहीत.

तरीही दोघेजण त्या कुंडाचंच पाणी तीर्थ म्हणून बाटलीत भरून घेत होतेच. धाकटीने कपाळावर हात मारला.

ताईने हात पुढे केला. "दे माझ्या गोळ्या. तुझ्याकडेच असणार."

तिने गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं. "कंटाळा काही गेला नाही हं माझा."

"तो राहिला तरी चालेल. तू तेवढी राहा," धाकटी म्हणाली.

डॉक्टरला गोळी कशी काम करते विचारलं, तर तो चित्र काढून दाखवतो. बाबाला विचारलं, तर तो पाटी दाखवतो. फरक एवढाच आहे आणि तो कळायला फार शिकावं लागत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुठे चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच बघा, की पाणी ढवळू नका असं कोण सांगतंय. आणि मग खुशाल ढवळा.