गाउदिओसोचा उरलेला शब्द

माडी काढायला माडावर चढणार तेवढ्यात गाउदिओसोला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हातही महिन्याभरात हलू लागला, पण बोलणं गेलं. उरला एकच शब्द, हारी. त्यांच्या बोलीत राजा. गावच्या जत्रेतल्या नाटकात एकोणीस वर्षं तो राजा व्हायचा; तेवढंच जिभेला चिकटून राहिलं असेल, असं त्याच्या बायकोला, सोतेराला वाटे.

आता पाणी हवं तरी हारी, भात करपला तरी हारी. पत्त्यांत राजा हाती आला की तो हारी म्हणे, तेव्हा सगळे हसत.

"आयुष्यभर घरात हारी होऊन बसला, नुसता रुबाब!" शेजारची पिलार कुंपणावरून म्हणाली. "देवानं तेवढंच ठेवलं बघ."

सोतेराला वाटलं, खोटं कुठे होतं? पण सुरावरून तिला आता कळू लागलं होतं. आवाज खाली आला की भूक, वर चढला की प्रश्न. दिवेलागणीला तो हळूच एकदा म्हणायचा, त्याचा अर्थ तिने कुणाला सांगितला नाही.

जत्रेला बारा दिवस उरले तेव्हा नाटकाचा म्होरक्या, एमेतेरिओ, राजाचा झगा न्यायला आला. "माझ्या पुतण्याला राजा म्हणून उभा करतोय. पण पठ्ठ्याला चार ओळी पाठ होतील तर शपथ!"

गाउदिओसोने झगा छातीशी धरला. "हारी! हारी!"

"राहू दे, त्याचाच आहे तो," एमेतेरिओ ओशाळला.

सोतेराचा तोल सुटला. "पुरे आता! तुझं राज्य संपलं, कळतंय का?"

तो थांबला. मग पाय ओढत आला आणि झगा तिच्या खांद्यांवर टाकला. "हारी." सूर खाली नाही, वर नाही.

"मी? डोकं फिरलं का तुझं?"

एमेतेरिओ हसला नाही. "रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसून त्याला एकोणीस वर्षं शब्द कोण पुरवत होतं, सोतेरा?"

दोन दिवस ती नाहीच म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने झग्याची वीतभर कड आत दुमडून शिवली.

एकोणीस वर्षं तिने नाटकाचे फक्त पाय पाहिले होते. जत्रेच्या दिवशी वर उभी राहिली आणि इतकी तोंडं एकदम पाहून पहिली ओळ नुसती पुटपुटली.

"मोठ्यानं गं!" पिलार ओरडली.

मग डुकरांना हाक मारते त्या आवाजात तिने राजपुत्राला गुडघे टेकायला लावले. लोक हसले. पुढे मात्र हसले नाहीत. राजा मुलाला हद्दपार करतो तिथे पिलारनेच डोळे पुसले.

पुढच्या वर्षीही राजा सोतेराच झाली. गाउदिओसोला हळूहळू आणखी दोन शब्द परत मिळाले, 'मासा' आणि 'नको'. त्यातला 'नको' तो फार वापरतो, अशी तिची तक्रार आहे.