अर्धी उरलेली कळशी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. मिरवावी अशी माझी गोष्ट नाही, तरी सांगते.

उदगीरच्या लोहारानं मला घडवलं आणि महेबूब मुलाणीच्या हाती दिलं. आमच्या गावी पिराला बोललेला नवस फेडायला हिंदू-मुसलमान दोघंही बोकड आणून पंगत घालत. त्याला कंदुरी म्हणत, आणि बोकड कापायचा मान मुलाण्याचा. महेबूबचे नियम वडिलांपासूनचे होते. जनावराला आधी पाणी पाजायचं, त्याच्या नजरेआड मला ओल्या दगडावर घासायचं आणि एकाच ओढीत काम उरकायचं. लोक म्हणत, "महेबूबच्या सुरीचा तरास जनावराला कळत न्हाई." मी फुशारून जाई.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या साली आमच्याकडं पाऊस दडला. चाऱ्यावाचून बोकड जगेनात, म्हणून लोकांनी राहिलेले नवस एकाच दिवशी फेडायला काढले.

केवळाबाईचा बोकड नववा होता. नातू तापातून उठावा म्हणून बोललेला. आपल्या वाटणीचं पाणी पाजून तिनं तो जगवला होता. "भाऊ, त्याला कळू देऊ नका," ती म्हणाली.

आठ बोकडांनंतर मी बोथट झाले होते. महेबूबनं भरल्या कळशीकडं पाहिलं. "पानी पंगतीला लागंल," तो म्हणाला. बोकडाला पाजलं नाही, मला घासलं नाही. मला तीनदा ओढावं लागलं. ते ओरडणं आठवलं की आजही मला लाज वाटते.

केवळाबाई न जेवताच गेली. तिनं लातूरच्या कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, तेव्हा तिथले साहेब चौकशीला गावात आले. कुणी म्हणालं, कंदुरीच बंद करा. कुणी म्हणालं, देवाच्या कामात सरकारनं पडू नये.

केवळाबाई उठली. "माझा नवस खरा हाय, अन् त्याचं वरडणं बी खरं हाय. कंदुरी राहू द्या. पानी अन् धार तेवढी बघा."

महेबूबनं कुणी न विचारताच मला साहेबांपुढं टेबलावर ठेवलं. "चुकी माझी हाय, साहेब."

साहेबांनी माझ्या धारेवरून अंगठा फिरवला. साधा ओरखडाही उठला नाही. मी तोंड कुठं लपवणार?

हुकूम निघाला. कंदुरी चालेल, पण आधी पाणी, आडोसा आणि दर जनावरामागं धार. महेबूबनं नवी सुरी घेतली. मी फळीवर गंजते आहे.

मित्रांनो, देवाचं काम घाईनं उरकू नका. मुक्या जिवाची तहान आधी बघा. मला घासायला चूळभर पाणी पुरलं असतं. त्या दिवशी पंगत उठली, तेव्हा कळशी अर्धी भरलेली होती.