बेल्जियमची पाटी

सोमवारी सकाळी दुरुस्तीला आलेलं मशीन पाहून गुरुदत्त वाईकरला वाटलं, हे आपल्याकडे चुकून आलंय. पुढच्या पाटीवर ब्रुसेल्सच्या कुठल्याशा कंपनीचं नाव होतं. त्याने स्क्रू काढले, झाकण उलटं केलं आणि तो थबकलाच. आतल्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती.

बोटं त्याचीच, शेजारी बांधणीचा शिक्का गेल्या ऑक्टोबरचा. अमेरिकेतल्या नेपरव्हिलजवळच्या या कारखान्यात दर खंडेनवमीला नव्या मशीनला तो हळदकुंकू लावायचा. आतून लावायचा, कारण बाहेरून लावलेलं तपासणीवाले पुसायला लावत. गोऱ्यांना त्याची भारी गंमत. ते त्या दिवशी डोनट आणत. मशीन म्हणजे वायरलेसचा स्विचबोर्ड. एका खोलीत बसायचं आणि गावभर फिरणाऱ्या गाड्यांना हुकूम सोडायचे. टॅक्सीवाले घेत, अग्निशमन दलं घेत.

मग त्याने बटणं पाहिली. प्रत्येकाखाली चिकटपट्टी. सोवेटो. अलेक्झांड्रा. चिलखती गाड्या. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्यांच्या वस्त्यांची ही नावं त्याने टीव्हीच्या बातम्यांत ऐकली होती. चाबूक घेऊन शाळकरी पोरांमागे धावणारे पोलीस पाहिले होते. त्यांना हुकूम कुठून सुटतो, हे आज त्याच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

आणि कंपनी तर त्या देशातून बाहेर पडली होती! ८६ साली वॉशिंग्टनने निर्बंधांचा कायदा केला, पुढच्या मार्चमध्ये कंपनीने कॅन्टीनमध्ये केक कापला. केकवर साखरेने लिहिलं होतं, ‘योग्य तेच केलं’. पहिला तुकडा कंपनीच्या प्रेसिडेंटने स्वतःच गिळला.

गुरुदत्त झाकण घेऊन तडक नरेंद्र पाठारेच्या केबिनमध्ये शिरला. नरेंद्र परदेश विक्रीचा प्रमुख आणि मराठी मंडळाचा अध्यक्ष. गुरुदत्तला इथे चिकटवला तोही त्यानेच.

“नरेंद्र, हे गेल्या दसऱ्याचं आहे.”

“काय रे, सोनं द्यायला आलास? जानेवारीत?”

“केक मार्चमध्ये खाल्ला. हे मशीन ऑक्टोबरमध्ये बांधलं. आलंय कुठून ते बघ.”

नरेंद्रने दार लावलं. चेहऱ्यावर शरमेचा मागमूस नाही. “अरे यार, बाहेर पडलो म्हणजे काय? जोहान्सबर्गचं ऑफिस तिथल्या आपल्याच मॅनेजरला विकलं. नाव त्याचं, माल आपला. आपण बेल्जियमला विकतो. बेल्जियम पुढे कुणाला विकतं ते बेल्जियम जाणे. टोटली लीगल.”

“बेल्जियमवाले करतात काय?”

“पाटी बदलतात.” हे तो दात कोरत म्हणाला.

“आपल्या भारतीय पासपोर्टवर शिक्का असायचा, ‘दक्षिण आफ्रिका सोडून सर्व देशांसाठी’. आठवतं?”

“मी आता अमेरिकन आहे, गुरू. आणि तूही. शुक्रवारपर्यंत रिपेअर कर. ट्यूनिंग तुझ्याशिवाय कुणाला धड जमत नाही. तुझी दहा वर्षं जूनमध्ये भरतात ना? भरली की पेन्शन पक्की. आत्ता तमाशा केलास तर पै मिळायची नाही. आणि हो, ते कुंकू पूस. तिकडच्यांना वाटलं, आत रक्त लागलंय. किळस आली म्हणे त्यांना.”

किळस! रस्त्यावर सांडलेलं चालतं, झाकणाला लागलेलं खटकतं. कुंकू न पुसताच गुरुदत्त झाकण घेऊन निघाला.

घरी वसुधाने सगळं ऐकून घेतलं. “जूनपर्यंत डोळे मिटा ना,” ती म्हणाली. “मग काय बोलायचं ते बोला. या वयात कोण नोकरी देणार तुम्हाला?” ती खोटं बोलत नव्हती. त्याने ताट तसंच सरकवलं.

शुक्रवारी त्याने ब्रुसेल्सची पाटी उचकटली. शेल्फवरून कंपनीची स्वतःची पाटी काढली, तिथे रिवेट मारून घट्ट बसवली आणि नरेंद्रला बोलावलं.

“आजच दुरुस्त करतो,” गुरुदत्त म्हणाला. “पण ही पाटी राहणार. माल आपला आहे, तर नावही आपलंच लावू.”

“वेडा झालास? या पाटीने ते विमानात चढणार नाही!”

“का? लाज वाटते?”

“लाज कसली, कायदा आहे!”

“सोमवारी तर टोटली लीगल होतं.”

नरेंद्रने पाटीवर बोट ठोकलं. “पाटी काढ. नाहीतर कोट उचल आणि चालू लाग. पेन्शन विसर.”

गुरुदत्तने कोट उचलला.

“अरे थांब! वहिनींचा तरी विचार कर!” म्हणत नरेंद्रने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि टाय खांद्यावर टाकून रिवेट खरवडायला लागला. पातं घसरलं, बोट कापलं, पाटी जागची हलली नाही. मंडळाचा अध्यक्ष बोट चोखत दुसऱ्या रिवेटला भिडला. असला ओंगळ देखावा गुरुदत्तने नेपरव्हिलमध्ये पाहिला नव्हता. तो बाहेर पडला.

गाडीच्या काचेवर बर्फ थिजलं होतं. ते खरवडताना त्याला पक्कं ठाऊक होतं, सोमवारी कुणीतरी ड्रिल आणून रिवेट उडवेल. विक्रम नावाचा पोरगा, ज्याला त्यानेच शिकवलं, तो ट्यूनिंग जेमतेम जमवेल. मशीन जाईल. खरखरत का होईना, हुकूम सुटतील. छाती फुगवावी असं त्याने काहीच केलं नव्हतं.

तो बर्फात थुंकला. तोंड काही स्वच्छ झालं नाही. मग वसुधाला कुठल्या शब्दांत सांगायचं याची जुळवाजुळव करत त्याने गाडी सुरू केली.