एक दहाला उतरणारं विमान

“बंदच लागतोय,” म्हणत बस डेपोच्या नियंत्रकांनी लेकीला पाचव्यांदा फोन लावला. पावणेनऊ झाले होते. नऊला बायकोला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. हृदयाचं ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी धोका लपवला नव्हता. जाण्याआधी लेकीचा आवाज ऐकायचा, एवढंच तिने मागितलं होतं.

काळजी करू नकोस, असं ते कालपासून तिला बजावत होते. बस डेपोत एकतीस वर्षं गाड्या सोडलेला माणूस, वेळापत्रक त्यांना कोण शिकवणार? परदेशातून येणाऱ्या लेकीचं तिकीट त्यांनी चष्मा पुसून वाचलं होतं. सुटणार अकराला, उतरणार एक दहाला. हिशेब सरळ होता, दोन तास दहा मिनिटं. नऊला पोरगी विमानतळावरच असणार. ‘बसायच्या आधी आईशी बोलते,’ असं तिने कळवलं, तेव्हा यांनीच मोठ्या रुबाबात उत्तर धाडलं होतं, ‘आईला झोपू दे. मी लावतो.’

“भाऊजी, अंतर किती आहे?” इस्पितळाच्या बाकावर शेजारी बसलेल्या मेहुणीने विचारलं.

“चार हजार चारशे किलोमीटर.”

“आणि दोन तासांत पोचणार?”

“विमान आहे ते. बस नव्हे.”

मेहुणीने तिकीट मागून घेतलं. मग हळूच म्हणाली, “सुटायची वेळ तिकडच्या घड्याळाची असते, भाऊजी. तिकडचे अकरा म्हणजे आपले साडेसात. ती केव्हाच निघाली. जवळजवळ पावणेसहा तासांचा प्रवास आहे.”

नियंत्रकांनी तिकीट पुन्हा वाचलं. त्यांच्या गाड्यांना दोन्ही टोकांना एकच घड्याळ असे. अकरा कुठले, हा प्रश्न त्यांना एकतीस वर्षांत कधी पडलाच नव्हता. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

तेवढ्यात परिचारिका बायकोला स्ट्रेचरवर घेऊन आल्या.

“लागला का हो?” बायकोने विचारलं.

थाप त्यांच्या ओठांवर आली होती, पण मारणं जमलं नाही. “माझं चुकलं गं. वेळ बघण्यात चुकलं. ती आकाशात आहे.”

बायकोचे डोळे भरून आले, तरी ती हसून म्हणाली, “जन्मभर तुमच्या गाड्या उशिरा सुटल्या. आज एक वेळेवर सुटली, तर तुम्हीच चुकलात होय?”

त्यांनी तिचा हात दारापर्यंत सोडला नाही.

पुढे ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. दहाला लेक निम्म्या वाटेवर येते न येते. साडेदहाला निम्मी वाट मागे. अकरा वीसला डॉक्टर बाहेर आले आणि टोपी काढून त्यांच्यासमोर उभे राहिले.

मेहुणी रडू लागली. नियंत्रकांनी एकेका नातेवाइकाला फोन लावला. प्रत्येकाला तेच सांगितलं, “लेकीला काही कळवू नका. उतरल्यावर फोन चालू करेल ती. मी स्वतः सांगतो.” अजून एक तास पन्नास मिनिटं पोरीला आई होती.

मेहुणीला बायकोजवळ बसवून ते खाली आले आणि टॅक्सीत बसले.

“विमानतळ,” ते म्हणाले.

“कितीचं विमान, काका?” ड्रायव्हरने विचारलं.

“एक दहाला उतरतं.”

“मग भरपूर वेळ आहे. सावकाश घेऊ का?”

“हो,” नियंत्रक म्हणाले. “जेवढी सावकाश नेता येईल, तेवढी न्या.”