बाजारातली शिवी

माहं नाव चांगुणा. जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात पंचवीस वर्सांपासून भाजी इकतो. वांगे, मेथी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, वावरातून जे निघीन ते. बाजारात कोनालेबी इचारा, चांगुणाबाई कोन, त तो आधी हासीन अन् मंग सांगीन, "ते तोंडाची बाई काय? लसनवाल्याच्या समोर बसते." मले त्याचा कधी राग नाई आला. नवरा गेला तवा मी तीस वर्साची होती. बाई एकटी बसली का कोनीबी तिची टोपली पायानं सरकवते. तोंड चालवलं म्हनून माही जागा राह्यली.

अन् तोंड चालवनं म्हंजे शिव्या. त्यातबी एक शिवी माही ठरलेली होती. समोरच्याच्या मायवरून देतेत ते, बाईच्या आंगाची. तुमाले माईत हाये, शाळेतल्या लेकराइलेबी माईत हाये. ते मी इथं म्हननार नाई. येवढी शिवराळ बाई एका शिवीपाशी काऊन अडली, तेच त सांगून राह्यली.

समोरचा लसनवाला म्हंजे इंद्रभान. बाजाराच्या दिवशी सकाळीच तो आपल्या ताडपत्रीची दोरी माह्या दुकानाच्या बल्लीले, म्हंजे खांबाले, बांधे. मी ते सोड म्हनलं का तो माह्या मायवरून सुरू. मंग माही गाडी त्याच्या मायवर. माही माय त कवाच मेली, पन त्याची माय जित्ती. बेबीताई. त्याच्याच मांगं पोत्यावर बसून लसन सोलत राहे. आमी दोघं तिच्या डोक्यावरून तिच्याच आंगाच्या शिव्या फेकत होतो, अन् ते माय खाली मान घालून पाकळ्या सोले. मले त्यात काईच वाटलं नाई कधी. उलट लोकं जमा होत, हासत, अन् जाताना पावभर वांगे घेऊन जात.

माह्या बाजूले सिंधूताई बसे. माह्यापेक्षा पंधरा वर्सानं लहान. मी तिले सिंधू म्हनतो, बाकी सारे ताई म्हनतेत. तिचा आवाज येवढा बारीक का गिऱ्हाईकाले दोनदा भाव इचारा लागे. एकदा असंच भांडन आटोपून मी खाली बसली, त ते म्हने, "चांगुणाबाई, शिव्या द्या तुमी, पन ते एक नका देत जाऊ."

म्या म्हनलं, "काऊन वं? तुले काय झोंबते? तुह्यावर थोडी देली?"

"झोंबते," ते म्हने, अन् सांबारावर पानी शिंपाले लागली.

"अवं, शिवी म्हंजे शिवी. तोंडातून निंगाली, हवेत गेली. इंद्र्यानं माह्या मायचं काई तोडलं का म्या त्याच्या मायचं?" असं म्या म्हनलं. मोठी शहानी होती न मी.

मांगच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सिंधूताई उभं राहून भाजी इकाले लागली. सारा बाजार बसून इकते अन् हे बाई सकाळपासून संध्याकाळलोक उभी. उभ्या बाईकडं गिऱ्हाईकाची नजर आधी जाते. दोन बाजार म्या पाह्यलं. तिसऱ्या बाजारी माहं डोस्कं फिरलं.

"काय वं सिंधू, गिऱ्हाईक पळवाले उभी राहून राह्यली काय? बस खाली!"

ते बसली. बसली अन् तिच्या तोंडाचा रंगच गेला. दात ओठात रुतवले, येका कुशीवर कलली, अन् पुन्हा उभी राह्यली. डोळ्यात पानी.

"काय झालं वं?"

"पोट दुखते."

"पोट दुखलं त मानूस आडवा होते, उभा नाई राह्यत. कधीपासून?"

"पोळ्यापासून."

पोळा ते दिवाळीच्या पुढं! तीन महिने हे बाई कोन्या दुकानातून पोटाच्या गोळ्या आनून खात होती. मले असा राग आला का तिले तिथंच दोन ठेवून द्यावं वाटलं. म्या इंद्रभानले हाक मारली, "इंद्र्या, दोन्ही दुकानावर ध्यान ठेव. इले दवाखान्यात नेतो." त्यानं एक शिवी देली, पन आपलं दुकान सोडून आमच्या टोपल्याइपाशी येऊन बसला. खोटं काऊन बोलू, मानूस वाईट नाई तो.

दवाखान्यात डॉक्टरीनबाई होती, अनुपमा मॅडम. तरनी पोरगी, बोलनं शहरातलं. तिनं सिंधूताईले टेबलावर झोपवलं, पोट दाबून पाह्यलं. "इथे दुखतं? इथे?" सिंधूताई दर खेपेले मान हालवे, कधी हो म्हनून, कधी नाई म्हनून. मॅडमबी चक्रावली. "ताई, पोट तर मऊ लागतंय. नेमकं कुठे दुखतं ते सांगा ना." सिंधूताईनं छताकडं पाह्यलं अन् म्हने, "पोटातच." शेवटी मॅडमनं गोळ्या लिहून देल्या, अन् आठ दिवसानं सोनोग्राफीले या म्हनलं.

बाहीर आल्यावर म्या तिचा हात धरला. "सिंधू, खरं सांग. पोट नाई न?"

तिनं पदर तोंडावर घेतला. लायनीतल्या बाया पाहून राह्यल्या होत्या. ते माह्या कानाशी आली अन् म्हने, "तुमी इंद्रभानभाऊले जे शिवी देता न… तिथं. गाठ आली हाये. बोराएवढी होती, आता आवळ्याएवढी झाली. बसनं होत नाई."

मले काईच सुधरे ना. येवढ्या वर्सात कितीकदा ते शिवी म्या तिच्या कानाशी बसून देली असंन, अन् हे बाई तीन महिने तेच दुखनं घेऊन माह्या बाजूले उभी होती.

"मंग सांगतलं काऊन नाई डॉक्टरीनबाईले? समोर होती न ते!"

"काय म्हनून सांगू?" सिंधूताई म्हने. "त्याले दुसरं नाव येत नाई मले. डॉक्टरीनबाईले शिवी देऊ का?"

मी तिले तिथंच उभी ठेवली अन् लायनीतल्या बायाइले ढकलत आत घुसली. म्या म्हनलं, "मॅडम, तिचं पोट नाई दुखत." मॅडमनं पेन खाली ठेवला. "मग काय दुखतं?"

अन् मी उभीच. ज्या तोंडानं सारा बाजार गप केला, ते तोंड उघडं राह्यलं अन् त्यातून शब्द निंगे ना. दुसरं नाव मलेबी येत नव्हतं. जे येत होतं, ते पंचवीस वर्स फेकून मारलं होतं म्या. आता ते सिंधूच्या आंगाचं नाव होतं, दुखत होतं, अन् मले ते जिभेवर घ्याची लाज वाटून राह्यली होती. शिवीची लाज नाई. माही लाज.

मंग म्या ते बोलली. हळू, इतकं हळू का मॅडम पुढं झुकली. जन्मात पहिल्यांदा तो शब्द मी हळू बोलली असंन. मले वाटलं, आता हे पोरगी खेकसीन, काय असभ्य बाई हाये म्हनीन.

मॅडमनं साधी मान हालवली. "बरं झालं सांगितलंत. त्यांना पडद्यामागे घेऊन या."

तपासून झाल्यावर मॅडमचं तोंड गंभीर झालं. गाठ काढा लागीन, तपासाले पाठवा लागीन, बुलढान्याले जा, आजउद्या करू नका. सिंधूताई माह्या दंडाले धरून उभी. जाताना मॅडम तिले म्हने, "ताई, पुढच्या वेळी सांगायला लाजू नका. खालची जागा म्हणा, मायांग म्हणा, मला सगळं कळतं."

मायांग! माही आजी म्हने तो शब्द. बाळंतीन बाईले शेक देताना म्हने. घरातलाच चांगला शब्द होता आमच्यापाशी, अन् मी तो कवाच इसरून गेल्ती. कारन त्या शब्दानं कोनाले मारता येत नाई.

बुलढान्याले मी तिच्यासंग गेली. तिचा नवरा दयाराम साधा मानूस, आपरेशनच्या खोलीबाहीर बाकड्यावर टोपी हातात घेऊन बसला होता, काय झालं ते इचारालेबी लाजत होता. म्या त्याले सांगतलं, शब्द घेऊन सांगतलं, आजीचा शब्द. त्यानं मान खाली घातली अन् म्हने, "वाचंन न ते?" म्या म्हनलं, "वाचंन. न वाचून सांगते कोनाले?"

गाठीचा रिपोट याले बारा दिवस लागले. ते बारा दिवस मी कोनाशी धड भांडलीबी नाई. इंद्रभान दोरी बांधे, मी पाहत राहो. तो म्हने, "काय वं चांगुणाबाई, तब्येत बरी नाई काय?"

तेराव्या दिवशी दयारामचा फोन आला. गाठ साधी नव्हती. पन सारी निंगाली होती, काईच उरलं नव्हतं. वर्सभर उशीर केला असता त मंग काई खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हनला. दर तीन महिन्यानं दाखवा लागीन, बस. मी फोनवर ढसढसा रडली. भर दुकानात. एका गिऱ्हाईकानं त मेथी तशीच ठेवली अन् निंगून गेलं.

संक्रांतीनंतर सिंधूताई बाजारात आली. पोत्यावर गोधडीची घडी टाकून बसली. बसली! म्या म्हनलं, "आता कशी रानीवानी बसली वं." ते हासली.

तेवढ्यात इंद्रभाननं दोरी बांधली. सवयीनं मी ते सोडली. सवयीनं त्यानं ते शिवी हानली, भरल्या बाजारात, मोठ्यानं. लोकाइनं माना वळवल्या, आता चांगुणाबाई काय देते पाहू. म्या तोंड उघडलं. शिवी जिभेवर आली अन् तिथंच बसली. म्या सिंधूकडं पाह्यलं.

मंग सिंधूताई उठली. हळूच, गुडघ्यावर हात ठेवून. जिले भाव दोनदा इचारा लागे, ते बाई मोठ्यानं म्हने, "इंद्रभानभाऊ, तिथं माहे सात टाके हायेत. आनखी वल्ले हायेत. त्याचं नाव शिवीत घेऊ नका."

ज्याचा तराजू त्याच्या हातातच राह्यला. इंद्रभानचं तोंड लसनाच्या पाकळीवानी पांढरं पडलं. तो म्हने, "ताई, तुमाले नाई म्हनलं म्या."

"मंग कोनाले म्हनलं? ते कोनाच्या तरी आंगावर असतेच न."

तो खाली बसला अन् लसनाच्या गड्ड्या सरळ कराले लागला. मलेच म्हने, "मंग आता भांडाचं कसं?" म्या म्हनलं, "त्याची काळजी तू नको करू. सडलेल्या लसनाच्या गड्ड्या! कोंब फुटलेल्या बटाट्या! माह्यापाशी लय माल हाये." लोकं हासले. तोबी हासला. माहं तोंड काई बंद झालं नाई, हे ध्यानात ठेवा.

दुपारी इंद्रभान चहा प्याले गेला. तवा बेबीताई उठली. कंबरेत वाकलेली, पदरात लसनाचे फोतरं तसेच. ते मधातला रस्ता ओलांडून आली अन् सिंधूताईच्या पोत्यापाशी बसाले गेली, पन बसली नाई. उभीच राह्यली.

"कोनत्या खोलीत बसते वं ते डॉक्टरीनबाई?" ते म्हने.

सिंधूताईनं माह्याकडं पाह्यलं. "चाला माय," म्या म्हनलं, "आमी दोघी येतो."

इंद्रभान हातात चहाचा गिलास घेऊन आला त आमी तिघी निंगालो होतो. म्या म्हनलं, "आता तीन दुकानं पाह्य."

"माय कोठी चालली?"

"दवाखान्यात."

"काऊन? काय झालं तिले? कोठी दुखते वं माय?"

बेबीताईनं त्याच्याकडं पाह्यलं. राग नाई, काई नाई, नुसतं पाह्यलं. मंग त्यानं सिंधूताईकडं पाह्यलं. चहा हातातच राह्यला. सकाळचे सात टाके त्याले आठवले असतीन, कारन त्याची मान खाली गेली.

मंग तो पुढं आला. गिलास खाली ठेवला, माह्या बल्लीची दोरी सोडली, अन् मायच्या पदरातले फोतरं झाडून देले. "हळू ने वं चांगुणाबाई," तो म्हने, "तिले चालनं होत नाई." म्या म्हनलं, "माईत हाये," अन् आमी निंगालो.