मशीन शांत झालं

या, अशा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते, आमच्याच जिन्यातली.

इकडे उत्तरेत, सेक्टर त्रेचाळीसमध्ये, आमच्या खाली विनयाताई राहतात. त्यांचे यजमान माधवराव हवाई दलातून निवृत्त झालेले. फुप्फुसं थकली, म्हणून दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन. जूनमध्ये वीज तीनतीनदा जायची. त्यासाठी इन्व्हर्टर होता, शिवाय ऑक्सिजनचा एक सिलिंडर. त्या दिवशी सिलिंडर भरायला दिलेला. मुलगा अथर्व ऑफिसातून येताना आणणार होता.

दुपारी वीज गेली ती आलीच नाही. तक्रारीच्या नंबरावर एकच उत्तर, "जी, फॉल्ट बड़ा है." दोन तासांनी इन्व्हर्टरही संपला. ताईंनी आयटी पार्कात अथर्वला फोन लावला.

आता ताई कशा, तर देवापुढचा दिवा 'विझला' असं तोंडातून काढायच्या नाहीत. 'शांत झाला' म्हणायच्या. मग नवऱ्याच्या श्वासाचं मशीन बंद पडलं, हे कसं म्हणतील?

"अथू, बाबांचं मशीन शांत झालंय रे."

अथर्व इथेच वाढलेला, मराठी समजतं पण बोलतो हिंदी. मशीन सारखं घरघरायचं. त्याला वाटलं, आवाज कमी झाला, बाबांना झोप लागली.

"अच्छा आई, मैं आता हूँ." म्हणाला आणि मीटिंगमध्ये गेला. त्याच्या ऑफिसात दिवा लुकलुकलासुद्धा नव्हता.

मुलगा निघाला, या भरवशावर ताईंनी दुसऱ्या कुणाला फोन केला नाही. वहीनं वारा घालत राहिल्या.

"अथू येतोय हं."

"सावकाश येऊ दे," माधवराव म्हणाले. "गाडी फार पळवतो."

तासाभरात ते गेले. मी तेव्हा मोहालीला कीर्तनात टाळ्या वाजवत होते.

दहाव्या दिवशी फोटोपुढची समई मंदावली. मी म्हटलं, "अथर्व, तेल घाल बाळा, शांत होईल."

"शांत होईल मतलब, काकू?"

मी सांगितलं. सहज सांगून गेले हो.

तेलाची वाटी तशीच हातात धरून त्यानं आईकडे पाहिलं. ताईंनी मान वळवली. त्यानं वेगळाच अर्थ घेतला, हे त्यांना केव्हाच कळलं होतं; त्या जन्मात कधी बोलल्या नसत्या.

हल्ली तो घरात मराठीच बोलतो, अडखळत, एकेक शब्दाचा अर्थ दोनदा विचारत.

माधवरावांसाठी हात जोडणारे पुष्कळ आहेत. तुम्ही आज देवापुढे बसाल तेव्हा अथर्वची आठवण ठेवा. त्याचा दोष नव्हता, हे देवाला ठाऊक आहे. त्यालाही ते पटू दे, एवढं मागा.