दिसतंय ना?

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यासाठी मी प्रोग्राम लिहिते. तपासणीला मी एक डायलॉग बॉक्स केला होता. पडद्यावर अक्षर, खाली प्रश्न, 'दिसतंय ना?' आणि दोन बटणं: 'इंग्गिह', म्हणजे हो जी, आणि 'नाही'. आयती चौकट, एका ओळीत काम फत्ते. 'नाही' म्हणणाऱ्यांचं नाव शस्त्रक्रियेसाठी पुढे जायचं.

पण एकही नाव पुढे जाईना. अख्ख्या गल्लीला घारीची नजर! डॉक्टर प्राप्तो म्हणाले, तुझं बटण बिघडलंय. मी कोड उलटापालटा करून पाहिला, बटण ठणठणीत होतं. मग माणसं अशी का वागतात? डोक्यात किडा वळवळायला लागला.

त्यात माझी आईही 'इंग्गिह' दाबून घरी आली. ही बाई कापडावर बाटिकचं मेण रेघेवर धरता येईना म्हणून काम सोडून बसलेली! शस्त्रक्रिया झाली नाही तर हात कायमचे रिकामे. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिला विचारलं, तर त्यांनाही हसून "इंग्गिह". मी तडकलेच. खोटं का बोललीस म्हणून विचारलं.

"एवढ्या अगत्यानं विचारलं, दिसतंय ना म्हणून. नाही कसं म्हणायचं? वाईट वाटतं."

"डॉक्टरांचं ठीक आहे. पण ते मशीन आहे, आई. त्याला कसलं वाईट वाटतंय?"

"तू केलंयस ना ते," ती म्हणाली.

आमच्या जावात 'हो' म्हणजे पुष्कळदा नुसता नमस्कार असतो. जन्म इथे काढला, आणि कोड लिहिताना ही अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

हो-नाही मी काढूनच टाकलं. आता पडद्यावर दर वेळी वेगळ्या बाजूला फिरणारा एक कंगवा आणि खाली चार मोठाले बाण. दात कुठल्या बाजूला आहेत, एवढाच प्रश्न. कुणाचं मन राखायचं म्हटलं, तरी दाबणार कुठला बाण?

आईला पुन्हा बसवलं. ती पडद्याकडे बघत राहिली, मग हळूच तिनं मला विचारलं, "तुला कुठला बरा वाटेल?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. तिनं मनाला येईल ते बाण दाबले. सगळे चुकले, आणि तिचं नाव शस्त्रक्रियेसाठी पुढे गेलं. आई नापास झाली आणि मला भर दवाखान्यात आनंदानं रडू फुटलं.

माझा हुंदका ऐकून ती चाचपडत बटणांकडे वळली.

"चुकलं का गं? थांब, परत दाबते."